जुन्या गाडीचा बोल्ट: आधी मोजा, मग बदला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की जुन्या गाड्यांच्या रॅली निघतात आणि वर्तमानपत्रांतून त्यांचा रंग, क्रोम, लेदर यांचे कौतुक होते. ती गाडी ज्यांच्या जोरावर उभी असते त्या नट-बोल्टांवर मराठीत क्वचितच कोणी लिहितो. २०२१ च्या जुलैपासून केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतली विंटेज नोंदणी मिळू लागली. सत्तरच्या दशकातल्या फियाट, अॅम्बॅसडर आणि जीप आता एकेक करून त्या वयात येत आहेत. आजवर गोठ्यात नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात पडलेल्या या घरगुती गाड्या पुन्हा उभ्या करण्याचे काम वाढते आहे. त्या कामात सर्वांत घातक सवय म्हणजे जुना बोल्ट फेकून ‘बसेल तो’ नवा बोल्ट मारणे. म्हणून गाडीमालक आणि गॅरेजवाले या दोघांसाठी हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न आट्यांचा, म्हणजे बोल्टावर गोल फिरत जाणाऱ्या खाचांचा. आपल्याकडच्या जुन्या गाड्या एका घराण्याच्या नाहीत. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये बनलेली फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी इटालियन, म्हणून मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या आट्यांची. अॅम्बॅसडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, तिच्यात मुख्यतः यूएनएफ, म्हणजे इंचातला बारीक आटा. मात्र १९९० च्या दशकातल्या इसुझू इंजिनाच्या अॅम्बॅसडरमध्ये इंजिन मेट्रिक आणि बाकीची गाडी इंचातली. त्यामुळे इंजिन जिथे चॅसीला भेटते तिथे दोन्ही जातीचे बोल्ट हाताशी येतात आणि हमखास अदलाबदल होते. विलीज आणि महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये यूएनएफ आणि यूएनसी, म्हणजे इंचातला जाड आटा. युद्धापूर्वीच्या ऑस्टिन, मॉरिसमध्ये व्हिटवर्थ आणि बीएसएफ, म्हणजे जुने ब्रिटिश जाड आणि बारीक आटे. त्यांच्या मीटर, स्विच, कार्बुरेटरमधले बारके स्क्रू बीए या जुन्या ब्रिटिश मापाचे. अमेरिकन ब्यूक, शेव्हरोले, डॉज १९४८ पूर्वीच्या असल्या तरी अडचण नाही. त्या वर्षी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाने जो समाईक आटा ठरवला तो जुन्या अमेरिकन आट्याशी जुळता आहे.

सर्वांत फसवे उदाहरण एमजी टीसी आणि टीडी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचे. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला, तेव्हा तिथली मशिनरी मेट्रिक होती. त्या परंपरेतून आलेल्या इंजिनांच्या बोल्टांना आटा मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थ पान्याचे, असा मेळ आहे. तिथला ८ मिमी बोल्टही १ मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतराचा, असतो, बाजारातल्यासारखा १.२५ चा नाही. पाना कोणता बसतो यावरून आटा ओळखणारा मेकॅनिक या इंजिनात नक्की चुकतो.

आटा ओळखायला व्हर्नियर (बारीक माप घेणारे हत्यार), मेट्रिक पिच गेज आणि इंची पिच गेज (आट्यांत बसवून पाहायच्या दातेरी पट्ट्या) ही तीन हत्यारे लागतात. इंची गेज ५५ अंशाचे आणि ६० अंशाचे, दोन्ही हवेत. नुसता व्यास मोजून काही कळत नाही. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी. आटे नेहमी नाममात्र मापापेक्षा किंचित कमी भरतात, त्यामुळे ८ मिमीचा बोल्ट आणि अडीच सुती (एक सूत म्हणजे १/८ इंच) बोल्ट व्हर्नियरवर सारखेच दिसतात. फरक पिचमध्ये आहे. दहा आट्यांचे अंतर मोजा. ८ मिमीच्या साध्या बोल्टात ते १२.५ मिमी भरेल, ५/१६ यूएनएफमध्ये १०.६, बीएसएफमध्ये ११.५ आणि यूएनसी किंवा व्हिटवर्थमध्ये १४.१. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची बोल्टात यूएनएफचे दहा आटे १०.६ मिमी, बीएसएफचे १२.७ आणि यूएनसीचे १५.९. गेज आट्यात बसवून उजेडासमोर धरा, कुठेही फट दिसता कामा नये. बोल्ट गंजलेला असेल तर आधी तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाच्या पापुद्र्यावर घेतलेले माप खोटे असते.

यूएनसी आणि व्हिटवर्थ यांच्यात एक छुपा सापळा आहे. पाव इंचापासून ७/१६ पर्यंत दोघांचे दर इंची आटे सारखेच, २०, १८, १६ आणि १४. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. सारख्या आट्यांच्या मापांत एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर आरामात चढतो. पण व्हिटवर्थचा कोन ५५ अंशाचा आणि यूएनसीचा ६० चा, म्हणजे आट्याला आटा पूर्ण टेकतच नाही. नंबरप्लेटला हे चालेल. ज्या जोडावर भार येतो तिथे चालणार नाही.

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन नुसते ‘तीन सुती बोल्ट द्या’ म्हटले तर बहुतेक वेळा व्हिटवर्थ आट्याचा एमएस, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, बोल्ट हातात पडतो. अॅम्बॅसडरला लागतो यूएनएफ, तोही एचटी, म्हणजे जास्त ताण सोसणारा. म्हणून मागताना व्यास, दर इंची आटे, लांबी आणि ग्रेड, म्हणजे ताकदीची प्रत, या चारही गोष्टी सांगाव्यात: ‘तीन सूत, चोवीस आटे, दीड इंच, ग्रेड पाच’. पद्मिनीची अडचण वेगळी. तिच्यात १० मिमीचे बरेच बोल्ट १.२५ पिचचे आहेत आणि बाजारातला साधा १० मिमी बोल्ट १.५ पिचचा. तो दोन-तीन आटे जातो आणि अडतो. तिथे हात थांबला पाहिजे. एअर गनने मारला की तो आतले आटे फाडत शेवटपर्यंत जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पुढे एखाद्या खड्ड्यात सुटतो. कोणताही बोल्ट निम्म्याहून जास्त बोटांनी फिरला पाहिजे. पाना लावायचा तो त्यानंतर.

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधले तर यूएनएफ मिळतो. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात विचारा. जुन्या मॅसी फर्ग्युसनला इंची आटेच लागतात, त्यामुळे तिथे चांगल्या ग्रेडचे यूएनएफ, यूएनसी बोल्ट मिळण्याची शक्यता मोठ्या शहरातल्या साध्या हार्डवेअर दुकानापेक्षा जास्त.

बीएसएफ मिळाला नाही की लेथवर करून घ्यावा लागतो आणि इथे कारागिराला काय सांगतो यावर सगळे अवलंबून असते. हाताशी असलेल्या एमएस बारमधून केलेला बोल्ट दिसायला सुरेख होतो, पण ताकदीला निम्माच. भाराच्या जागेसाठी एन १९ टी किंवा एन २४ टी हा आधीच उष्णतेची प्रक्रिया झालेला बार सांगून घ्यावा. त्याची ताणशक्ती ८५० मेगापास्कलच्या पुढे असते. आटा कापायचे टूल ५५ अंशाचे आणि टोकाला गोलाई दिलेले हवे. रोजच्या सवयीने ६० अंशाचे टोकदार टूल लावले की आट्याच्या तळाशी धारदार खाच राहते आणि बोल्ट तिथूनच तुटतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा पुण्या-नाशकात काय, हे काम उत्तम करणारे हात आहेत. फक्त त्यांना ‘असाच एक करून द्या’ म्हणून नमुना देऊ नये, माप आणि धातू कागदावर लिहून द्यावा.

आता ग्रेड. मेट्रिक बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. ८.८ मधला पहिला आकडा ८०० मेगापास्कल ताणशक्ती सांगतो. दुसरा सांगतो की बोल्ट त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० ला, कायमचा ताणला जाऊ लागतो. इंची बोल्टावर आडव्या रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, जवळजवळ ८.८ इतका. सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, साधारण १०.९. एकही रेघ नसेल तर साधा बोल्ट समजावा. जुन्या ब्रिटिश बोल्टांवर आर, एस, टी, व्ही अशी अक्षरे सापडतात. आर म्हणजे चौरस इंचाला ४५ टन, एस ५०, टी ५५ आणि व्ही ६५. हिशेब केला तर एस हा ८.८ च्या जवळ जातो. बोल्टावर नुसता ८.८ आहे आणि बनवणाऱ्याची खूण नाही, तर तो घेऊ नका. आयएस १३६७ या भारतीय मानकानुसार दोन्ही हवेत. शंका असेल तर लॉटमधला एक बोल्ट रॉकवेल कडकपणाच्या चाचणीला द्या. ८.८ चा बोल्ट सी-मापावर साधारण २२ ते ३२ मध्ये यायला हवा. खोटा बोल्ट इथे लगेच उघडा पडतो.

‘जास्त ग्रेड म्हणजे जास्त सुरक्षित’ हा समज सोडावा. जिथे कारखान्याने ८.८ दिला तिथे १२.९ चा अॅलन बोल्ट लावून फायदा नाही. कडक बोल्ट गंज आणि खाच कमी सहन करतो आणि आपल्या पावसाळ्यात उघड्या चॅसीखाली तो इशारा न देता तुटू शकतो.

स्टेनलेस स्टीलच्या मोहाबद्दलही इथेच लिहितो, कारण रॅलीच्या गाड्यांत सर्वाधिक चूक हीच दिसते. ए२-७० स्टेनलेसची ताणशक्ती ७०० असली तरी ४५० च्या आसपासच तो कायमचा लांबू लागतो, ८.८ पेक्षा बराच आधी. बंपर, मडगार्डचे बीडिंग, नंबरप्लेट, दिव्यांच्या रिंग इथे खुशाल वापरा. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ ए४ घ्या. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन माउंटिंग, सीट बेल्ट इथे स्टेनलेस नको. आणखी दोन तोटे आहेत. स्टेनलेसवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून जागीच जाम होतात, मग बोल्ट कापावाच लागतो. आणि अॅल्युमिनियमच्या भागात स्टेनलेस बोल्ट गेला की ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. दोन्ही ठिकाणी अँटी-सीझ पेस्ट लावलीच पाहिजे.

जुने बोल्ट चांगले असतील तर तेच साफ करून पुन्हा लावणे सर्वांत उत्तम. पण ते बादलीत भरून झिंक प्लेटिंगवाल्याकडे सरसकट पाठवण्याची पद्धत धोक्याची आहे. प्लेटिंगपूर्वी गंज काढायला बोल्ट आम्लात बुडवतात आणि नंतर विजेवर जस्त चढवतात. या दोन्ही पायऱ्यांत हायड्रोजन पोलादात शिरतो. ८.८ पर्यंतच्या पोलादाला त्याचा सहसा त्रास होत नाही. पण १०.९ आणि त्यापुढचे, तसेच सहा रेघांचे बोल्ट आतून ठिसूळ होतात आणि आवळून ठेवल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, गाडी उभी असतानाही, डोक्याखाली तुटतात. उपाय ठरलेला आहे: प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत आठ तास किंवा त्याहून जास्त तापवणे. किती प्लेटिंगवाले हे करतात ते विचारून पाहा. खात्री नसेल तर कडक बोल्ट वेगळे काढा, आम्लाऐवजी तारेच्या ब्रशने किंवा बारीक ब्लास्टिंगने साफ करा आणि त्यांना झिंक-फ्लेकचा, म्हणजे जस्ताच्या बारीक पापुद्र्यांचा, लेप द्या. त्यात वीज आणि आम्ल दोन्ही नाहीत. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि कमानपाट्यांचे यू-बोल्ट यांना प्लेटिंगही नको आणि पुनर्वापरही नको, ते नवेच घ्यावेत. इतर जुना बोल्ट तपासायला त्यावर चांगला नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडकला तर बोल्ट ताणून पिच बदलली आहे, तो बाद.

ब्रेकच्या नळीचे नट हा जिवाशी खेळ आहे, म्हणून वेगळे लिहितो. ३/८ यूएनएफचा नट ९.५ मिमीचा आणि त्याची पिच १.०६ मिमी. मेट्रिक ब्रेक सिलिंडरचे भोक १० मिमीचे, पिच १ मिमी. हा इंची नट त्या भोकात सैलसर जातो, शेवटी धरल्यासारखा वाटतो, ब्रेक ऑइलही गळत नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर आटे सोडून नट बाहेर येतो. अॅम्बॅसडरला दुसऱ्या गाडीचा मास्टर सिलिंडर बसवताना नेमके हेच होते. नळीच्या टोकाची घडीही दोन प्रकारची असते, एक ४५ अंशाची दुहेरी फ्लेअर आणि दुसरी बुडबुड्यासारखी फुगीर. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बँजो बोल्टाच्या, म्हणजे ज्यातून ब्रेक ऑइल वाहते त्या पोकळ बोल्टाच्या, दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घाला.

जुन्या गाडीला नंतर सीट बेल्ट लावणाऱ्यांसाठी: बेल्टचा बोल्ट ७/१६ इंच, २० आट्यांचा यूएनएफ असतो, गाडी मेट्रिक असली तरी. ते माप मुद्दाम सर्वत्र एकच ठेवले आहे. १० मिमीचा बोल्ट आणि जाड वायसर हा त्याला पर्याय नाही. पत्र्याच्या मागे पोलादी पट्टी हवी, नाहीतर अपघातात बोल्ट शाबूत राहतो आणि पत्रा फाटतो.

लांबी निवडताना नटाबाहेर दोन ते तीन आटे दिसावेत. शॅकल (कमानपाटीचा झुलता दुवा), सस्पेन्शन आर्म अशा जागी, जिथे बोल्टावर आडवा कातर येतो, तिथे आटे नसलेली सपाट दांडी पूर्ण जाडीत असली पाहिजे. शेवटपर्यंत आटे असलेला सेटस्क्रू तिथे लावला की आट्याच्या खाचेवर कातर येतो आणि भोकही घासून मोठे होते. ओतीव लोखंडात आटा व्यासाच्या किमान सव्वापट आत जावा आणि अॅल्युमिनियममध्ये दुप्पट. स्टडच्या, म्हणजे डोके नसलेल्या दुटोकी बोल्टाच्या, दोन टोकांचे आटे वेगळे असू शकतात, ब्लॉकमध्ये जाणारे जाड आणि नटाकडचे बारीक. लावताना उलटसुलट करू नका.

आवळताना मॅन्युअलमधल्या आकड्याचे एकक पाहा. इटालियन मॅन्युअलात किलोग्रॅम-मीटर असते, ब्रिटिश मॅन्युअलात पाउंड-फूट. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ पाउंड-फूट म्हणजे १.३६. आकडा नसेल तर ८.८ च्या ८ मिमी बोल्टाला साधारण २५ न्यूटन-मीटर आणि ग्रेड ५ च्या ३/८ यूएनएफला ४७ च्या आसपास, तेही कोरड्या, स्वच्छ आट्याला. तेल किंवा अँटी-सीझ लावले असेल तर पाव भाग कमी करा, नाहीतर तोच आकडा बोल्टाला जास्त ताणतो. पावडर कोटिंग केलेल्या चॅसीवर बोल्टाचे डोके जिथे टेकते तिथला लेप मास्किंग करून मोकळा ठेवावा. जाड रंग दाबाखाली हळूहळू बसतो आणि नीट आवळलेला बोल्ट आपोआप सैल होतो. नव्याने जोडलेल्या गाडीचे सस्पेन्शन आणि यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, पाचशेनंतर परत एकदा.

नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) सुमारे १२० अंशांपर्यंतच काम देतो, म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तो नको. तिथे पितळी नट हवेत, ते गंजून स्टडला धरत नाहीत. कॅसल नटाची (वर खाचा असलेल्या नटाची) खाच बोल्टाच्या भोकाशी जुळत नसेल तर नट मागे घेऊ नका. मॅन्युअलच्या मर्यादेत राहून पुढच्या खाचेपर्यंत आवळा आणि नवी स्प्लिट पिन घाला. जुन्या विलीज आणि डॉजच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटा आटा असतो, हे ठाऊक नसल्याने लांब पाइप लावून स्टड तोडल्याची उदाहरणे प्रत्येक गॅरेजमध्ये आहेत.

पान्यांचेही तसेच. १/२ इंची पान्याच्या जागी १३ मिमी चालून जातो, ३/४ ला १९ बसतो. पण ९/१६ म्हणजे १४.३ मिमी, तिथे १४ जात नाही आणि १५ लावला की कोपरे गोल होतात. इंची पान्यांचा एक संच या गाड्यांसाठी ठेवलाच पाहिजे.

गाडी खोलताना प्रत्येक जोडाचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, जागेच्या नावाच्या चिठ्ठीसह ठेवावेत. गाडी परत देताना गॅरेजने मालकाला एक तक्ता द्यावा: जागा, व्यास, आटा, लांबी, ग्रेड, आवळण्याचा आकडा आणि जुना की नवा. मालकांनी हा तक्ता काम देतानाच लेखी मागावा. दुकानदारांनी बिलावर नुसते ‘बोल्ट, १०० नग’ न लिहिता ग्रेड आणि आटा लिहावा. आयटीआयच्या फिटर आणि मोटार मेकॅनिकच्या मुलांच्या हाती वर्षातून चार दिवस तरी ५५ अंशाचे गेज आणि इंची बोल्टांचा ढीग द्यावा, अशी संबंधित विभागाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे. व्हिटवर्थ आणि बीएसएफ नजरेने ओळखणारे जुने मेकॅनिक अजून काम करत आहेत, या तासांना शिकवायला त्यांनाच बोलवावे.

आपला,
जुन्या गाड्यांच्या कामातला एक वाचक, पुणे